मुक्काम बाळ ठरवतं

तंजावर समुद्रसपाटीपासून साधारण 60 मीटर उंचीवर आहे. चाळीसेक किलोमीटर पूर्वेला असलेलं कुंभकोणम् 25 मीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर उतार. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात चढ म्हटला तर कालव्यांवरच्या पुलांचा, बाकी सगळी भातखाचरं. सायकलच्या मागे दोनचाकी ट्रेलर जोडून, त्यात वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला बसवून लांबचा प्रवास करायचा असेल, तर भारतात याहून सोयीची जमीन शोधावी लागेल.

हे नुसतं मत नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. ट्रेलर 12 किलोचा, बाळ 10 किलोचं, लंगोट-दुपटी-पाणी-खाऊ मिळून आणखी 8, असं 30 किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरच्या वेगाने ते ओढायला चाकांच्या घर्षणापोटी जादा लागते बारा-तेरा वॅट शक्ती. तेच वजन त्याच वेगाने 5 टक्के चढावर ओढायचं, तर आणखी साठेक वॅट मोजावे लागतात. सराव असलेला माणूस तासन्‌तास 100 ते 150 वॅट देऊ शकतो, आणि त्यातून स्वतःचं आणि सायकलचं वजनही वाहायचं असतं. कात्रज किंवा खंबाटकीच्या घाटात बाळ घेऊन जाणाऱ्याची बरीच ताकद ट्रेलरच खाईल. कुंभकोणम्‌च्या रस्त्यावर ट्रेलर मागे आहे हे बराच वेळ जाणवतही नाही. मात्र समोरून वारा सुटला की लगेच जाणवतं, त्याबद्दल पुढे सांगतोच.

बाळाला सायकलवर नेण्याची हौस जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून ब्रिटनमधली जोडपी टँडम सायकलला छोटी साइडकार जोडून मुलांना गावाबाहेर नेत असत. आजच्या कापडी ट्रेलरचा प्रसार पुढे अमेरिका आणि जर्मनीतल्या कंपन्यांनी केला. ऑरेगन राज्यातली बर्ली ही त्यातली एक जुनी कंपनी, 1978 साली सुरू झालेली. आता लोक असे ट्रेलर घेऊन खंडंच्या खंडं ओलांडतात. स्वित्झर्लंडहून 2010 साली सायकलवर निघालेल्या झेव्हिए आणि सेलीन पाश यांना वाटेत मलेशियात मुलगी झाली, आणि तिला घेऊन त्यांनी पुढचा प्रवास चालू ठेवला. आपल्याकडे असा ट्रेलर रस्त्यावर दिसणं अजून दुर्मीळ. म्हणून आधी ही वस्तू नीट पाहू.

ट्रेलरचा जीव त्याच्या जोडात असतो. पुढे आलेला दांडा वळून सायकलच्या मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला येतो आणि आसापाशी बसवलेल्या लोखंडी पट्टीला अडकतो. डावीच बाजू का? कारण उजवीकडे साखळी आणि गिअर असतात. या जोडात एक लवचीक रबरी तुकडा किंवा गोळा असतो, त्यामुळे दांडा सगळ्या दिशांना फिरू शकतो. सायकल घसरून आडवी झाली तरी ट्रेलर सरळ उभा राहावा, हा त्याचा हेतू. खीळ निसटलीच तर म्हणून एक नायलॉनचा पट्टा सायकलच्या चौकटीभोवती गुंडाळून ट्रेलरला अडकवतात. निघताना घाईत हा पट्टा लावायचा राहून जातो. माझ्या मते सगळ्या सामानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच. आपल्याकडच्या साध्या सायकलींचा मागचा आस नटांनी आवळलेला असतो, झटकन सुटणारा नसतो. त्यासाठी भोकाची वेगळी पट्टी लागते. ती ट्रेलरबरोबरच मागून घ्यावी, कारण वाटेतल्या दुकानात ती मिळायची नाही.

ट्रेलरची रुंदी साधारण 80 सेंटीमीटर. दोन चाकं सायकलच्या चाकांच्या रेषेत धावत नाहीत, दोन्ही बाजूंनी बाहेर धावतात. सायकलस्वार खड्डा चुकवतो आणि ट्रेलरचं एक चाक नेमकं त्याच खड्ड्यात जातं. सवय होईपर्यंत हे वारंवार होतं. वेगात वळताना आतलं चाक दगडावर किंवा फुटपाथच्या कडेवर चढलं, तर ट्रेलर उलटतो. अपघातांची ही अगदी नेहमीची तऱ्हा. म्हणून वळण कोणतंही असो, चालण्याच्या वेगाने घ्यायचं.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. हलकं बाळ जास्त उसळतं. ट्रेलरच्या स्प्रिंग दोन मुलांच्या वजनाला बेतलेल्या असतात, बऱ्याच ट्रेलरची क्षमता पंचेचाळीस किलोपर्यंत असते. त्यात एकटं 9 किलोचं बाळ बसलं की स्प्रिंग दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. उपाय दोन. टायरमधली हवा कमी ठेवायची, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या बरीच खाली. अंगठ्याने दाबलं तर टायर थोडा दबायला हवा. आणि जड सामान, विशेषतः पाण्याच्या बाटल्या, बाळाच्या पायांपाशी आसाच्या जवळ ठेवायच्या. आसाच्या मागे वजन गेलं की पुढचा दांडा वर उचलला जातो आणि सायकलचं मागचं चाक हलकं होऊन ब्रेक लावताना सरकतं.

आता वयाचा प्रश्न. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे: बारा महिन्यांखालच्या बाळाला सायकलवर नेऊ नये. मान धरणं पुरेसं नाही. धक्के बसत असताना डोकं तोलून धरता यायला हवं, तेही हेल्मेटच्या वजनासकट. जर्मन बनावटीच्या काही ट्रेलरमध्ये तान्ह्या बाळासाठी आडवी झोळी मिळते, आणि तिकडचे पालक गुळगुळीत सायकलमार्गावर तिच्यात दोन-तीन महिन्यांचं मूल नेतातही. कुंभकोणम्‌च्या परिसरात तसा मार्ग नाही. इथे वर्षाच्या आत बाळाला न्यायचं नाही, हाच नियम मी पाळेन. हेल्मेटचीही एक अडचण आहे. सीटची पाठ सपाट असेल तर हेल्मेटचा मागचा फुगवटा डोक्याला पुढे ढकलतो, बाळ झोपलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडखळतो. चांगल्या ट्रेलरच्या पाठीत डोक्यामागे कापड ढिलं सोडून खोलगट जागा केलेली असते. ट्रेलर घेताना बाळाला हेल्मेट घालून आत बसवून ही जागा तपासावी. बाकी गोष्टी नंतर.

डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेने 1963 साली एकटीने सायकलवर आयर्लंडहून भारत गाठला. दहा वर्षांनी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन दक्षिण भारत पाहायला आली तेव्हा मात्र तिने सायकल घरी ठेवली. इतक्या निर्भय बाईनेही मूल बरोबर असताना वाहन बदललं, यातलं तारतम्य मला फार मोलाचं वाटतं.

कुंभकोणम्‌हून उत्तरेला निघालं की पहिला धरण्याजोगा थांबा चोळपुरम्. तिथून पुढे अणैक्करै, तिथे कोळ्ळिडम् नदी ओलांडायची, आणि मग गंगैकोंडचोळपुरम्. सगळं मिळून साधारण 35 किलोमीटर. एकट्या सायकलस्वाराची सकाळची रपेट. बाळाबरोबर हाच एक पूर्ण दिवस होतो, आणि व्हायला हवा. ताशी 12 किलोमीटरने सायकल चालवण्याचेच तीन तास होतात. दर तासाला अर्धा तास थांबायचं म्हटलं, तर सहाला निघून साडेदहा वाजतात. जानेवारीत साडेदहाचं ऊन सोसवतं. मार्चनंतर सोसवत नाही, तेव्हा हा बेत जानेवारी-फेब्रुवारीबाहेर नेऊ नये.

ऋतूंचा हिशेब इथे आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपला पाऊस संपतो तेव्हा इथला सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तमिळ आडी महिन्यात, पश्चिमेकडून असा वारा सुटतो की आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंटाही उडेल, अशी तिथली म्हणच आहे. ट्रेलरचा कापडी तंबू त्या वाऱ्यापुढे शिडासारखा फुगतो, आणि बाजूने झोत आला तर सायकल रस्त्याच्या मध्यावर ढकलली जाते. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी परंपरेने 12 जूनला सोडतात आणि 28 जानेवारीला बंद करतात. या काळात रस्त्यालगतचे कालवे काठोकाठ भरून वाहतात. बांधावरचा अरुंद रस्ता, एका बाजूला कालवा, मागून येणारी बस आणि 80 सेंटीमीटर रुंद ट्रेलर, हे गणित मला धास्तीचं वाटतं. जानेवारीअखेर कालवे उतरले की तोच रस्ता पुष्कळ सुरक्षित होतो.

पण जानेवारी-फेब्रुवारीत सांबा हंगामातल्या भाताची कापणी असते, आणि डांबरी रस्ता म्हणजे शेतकऱ्याचं खळं. अर्ध्या रुंदीवर भात वाळत घातलेलं असतं, कडेला दगड मांडलेले असतात, कुठे पेंढा पसरलेला असतो. पेंढा ट्रेलरच्या आसाभोवती सुतासारखा गुंडाळला जातो आणि चाक जड फिरू लागतं. चाकू काढून तो कापत बसावं लागतं. भातावरून मात्र चाक नेऊ नये. ते कुणाच्या तरी वर्षाचं अन्न आहे, आणि शेतकरी काही बोलला नाही तरी त्याला ते दिसतं.

राष्ट्रीय महामार्ग 36 चोळपुरम्‌वरून जातो. विक्रवांडी ते तंजावर या मार्गाचं चौपदरीकरण तीन टप्प्यांत आखलं गेलं. सेतियातोप्पु ते चोळपुरम् हा त्यातला मधला टप्पा साधारण 50 किलोमीटरचा आणि चोळपुरम् ते तंजावर हा शेवटचा साधारण 48 किलोमीटरचा. चोळपुरम् म्हणजे या दोन टप्प्यांचा सांधा. चौपदरी रस्ता बाळाच्या ट्रेलरसाठी नाही, हे निःसंदिग्धपणे सांगायला हवं. ट्रक आणि मोटारसायकलींच्या धुराच्या नळ्या साधारण ज्या उंचीवर असतात, त्याच उंचीवर ट्रेलरमधल्या बाळाचं नाक असतं. चालकाच्या नजरेच्या रेषेत ते येतही नाही, म्हणून लांब काठीवर नारिंगी झेंडा लावतात. झेंडा दिसतो, त्याखालचं मूल दिसत नाही. जड वाहतूक नव्या रस्त्यावर गेली की गावातून जाणारा जुना रस्ता सायकलींना मोकळा होतो. बाळ घेऊन जाणाऱ्याने तोच धरावा, चार किलोमीटर जास्त पडले तरी.

ट्रेलरच्या आतली हवा हा सर्वांत नाजूक भाग. पुढचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा पावसासाठी असतो, उन्हासाठी नाही. तो बंद ठेवून उन्हात चाललं की आत उष्णता कोंडते. बाळाला मोठ्यांइतका घाम येत नाही, त्याचं शरीर लवकर तापतं, आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. प्लॅस्टिक गुंडाळून ठेवावं, जाळी तेवढी लावावी. जाळीने डासही अडतात आणि मागच्या चाकाने उडवलेले खडेही. दर थांब्याला मानेच्या मागे हात लावून पाहावं. मान गरम आणि कोरडी लागली, बाळ नेहमीपेक्षा गप्प असलं किंवा तीन-चार तासांत लंगोट ओला झाला नसेल, तर त्या दिवशीचा प्रवास तिथेच संपला. शांत बसलेलं बाळ नेहमी आनंदात असतंच असं नाही, हे पालकांना जेवढ्या लवकर उमगेल तेवढं बरं.

चोळपुरम्‌ला सकाळी सातच्या सुमारास चहाच्या दुकानात दूध उकळत असतं आणि इडलीच्या भांड्यातून वाफ निघत असते. प्रवासातल्या बाळासाठी इडलीसारखं अन्न दुसरं नाही. वाफेवर शिजलेली, तिखट नाही, हाताने कुस्करता येते आणि थेट भांड्यातून पानावर येते. चटणी आणि सांबार मोठ्यांना. पाणी आपलं उकळून थंड केलेलं, फळ म्हणून केळं. मोठ्यांसाठी या भागाची घट्ट फिल्टर कॉफी. मूल पाहिलं की दुकानातल्या बाया ते लगेच मागतात, कडेवर घेतात, गालाला बोटं लावून कडाकडा मोडतात. भाषा न कळताही हे सगळं कळतं. बाळाला अर्धा तास जमिनीवर सोडणं हा या थांब्याचा खरा उपयोग. पट्ट्यांत जखडलेल्या पायांना रांगायला, उभं राहायला मिळालं की पुढच्या तासाला ते निवांत झोपतं. झोपेची वेळ आणि सायकलीची वेळ जुळवणं, यातच या प्रवासाचं सगळं कौशल्य आहे.

त्याच रस्त्यावर शेतात लावणी किंवा कापणी चालू असेल तर एखाद्या झाडाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी बांधलेली दिसते. तमिळ बाया तिला तूळी म्हणतात. आत मूल झोपलेलं, आणि येता-जाता कुणीतरी तिला झोका देतं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं अशीच तान्ही मुलं घेऊन शेकडो किलोमीटर जातात, आणि त्यांच्यासाठी ही हौस नसते. सायकलला ट्रेलर लावून फिरणाऱ्याने आपल्याला निवड मिळाली आहे, याची जाणीव ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

आणि इथे मराठी वाचकाला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट आहे. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर जागोजागी यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधली. नीडामंगलम्‌चं छत्र प्रतापसिंहाच्या काळातलं, ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र सरफोजी राजांनी 1802 साली उभारलेलं. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तेव्हा ही छत्रं तरी आपल्या हातात राहावीत म्हणून सरफोजींनी 1801 मध्ये तंजावरचा इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिलं आणि छत्रांत काय काय चालतं ते सविस्तर सांगितलं. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सगळ्या वाटसरूंना शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलं आहे का, अशी हाक दिली जाते. आजाऱ्याला औषध, सर्पदंशावर उपाय करणारे वैद्य, अनाथ मुलांसाठी शिक्षक. आणि तान्ह्या मुलांना दूध. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईचा खर्च छत्र करतं आणि बाळंतपणानंतर तिला तीन महिने तिथे राहता येतं.

हे पत्र वाचताना मला दूध आणि तीन महिने हे दोन तपशील सर्वांत मोठे वाटतात. राज्य गेलेला राजा परक्या अधिकाऱ्याला पत्र लिहितो आहे, आणि त्यात तान्ह्या बाळाला मिळणाऱ्या दुधाचा उल्लेख करायला विसरत नाही. रामेश्वरची वाट पायी चालणारी कुटुंबं मुलांना कडेवर घेऊन जात होती, आणि अशा प्रवासाला सर्वांत जास्त गरज कशाची असते हे तंजावरच्या दरबाराला ठाऊक होतं. चालणाऱ्याच्या पायांत किती बळ आहे यापेक्षा पुढचा थांबा किती जवळ आहे, यावर तो प्रवास पार पडत असे. ट्रेलर कितीही भारी घेतला तरी आजही त्यात फरक पडत नाही. कुंभकोणम्‌च्या भोवती दोन-तीन किलोमीटरवर गाव, गावात देऊळ, देवळाला सावलीचा मंडप, कडेला चहाचं दुकान, ही रचना बाळाच्या प्रवासाला जितकी उपकारक आहे तितकी कोणतीही महागडी स्प्रिंग नाही.

लांब निघण्याआधी रंगीत तालीम करायची असेल तर कुंभकोणम्‌च्या पश्चिमेला अगदी जवळ दारासुरम् आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वर मंदिर, 2004 पासून जागतिक वारसा. त्याच्या पुढच्या मंडपाला रथाचं रूप दिलेलं आहे. बाजूला दगडी चाक, त्याला ओढणारा दगडी घोडा. चाकाच्या आऱ्या आणि तुंबा इतका चोख कोरलेला आहे की बाळ त्यावर हात फिरवत बराच वेळ रमतं. तिथे जाऊन-येऊन झाल्यावर बाळाला ट्रेलर आवडतो की नाही, याचं उत्तर मिळतं. नाही आवडला, तर पुढचा बेत रद्द करावा. रडणाऱ्या मुलाला सवय होईल म्हणून 35 किलोमीटर नेणं मला पटत नाही.

चोळपुरम्‌नंतर अणैक्करै. तमिळ नावातच बंधारा आहे. 1836 साली आर्थर कॉटनने इथे कोळ्ळिडम्‌वर बंधारा घातला. इथलंच पाणी पुढे वीराणम् तलावाला जातं, आणि वीराणम्‌चं चेन्नईला. जुना पूल अरुंद आहे. त्यावर ट्रेलर चालवत नेऊ नये. बाळाला कडेवर घेऊन एकाने पुढे जावं, दुसऱ्याने सायकल आणि रिकामा ट्रेलर हाताने ओढत न्यावा. नदीच्या पात्रावर वाराही जोराचा असतो.

पुढे सपाट शेतांवरून गंगैकोंडचोळपुरम्‌च्या मंदिराचं पन्नास मीटरांहून उंच विमान, म्हणजे शिखर, खूप आधीपासून दिसू लागतं. गंगेपर्यंत पाठवलेलं सैन्य परतल्यावर पहिल्या राजेंद्र चोळाने अकराव्या शतकात ही राजधानी वसवली. आता उरलं आहे ते मुख्यतः मंदिर, त्याच्या भोवतीची हिरवळ आणि पुढचा प्रचंड नंदी. अकराच्या सुमारास प्रांगणातली फरशी तापते, अनवाणी चालणाऱ्या मोठ्यांनाही पाय उचलत चालावं लागतं. रांगणाऱ्या बाळाला तिथे खाली ठेवू नये. साडेदहाच्या आत पोचलात तर हिरवळीवर झाडाखाली चादर पसरावी. दुपारी देऊळ काही तास बंद असतं. तेवढ्या वेळात बाळाची झोप आणि जेवण उरकतं. मुक्कामासाठी जयंकोंडम् जवळ आहे. परतायचं असेल तर ट्रेलरची चाकं काढून, घडी घालून तो कुंभकोणम्‌कडे जाणाऱ्या बसमध्ये ठेवता येतो का, हे कंडक्टरला विचारावं. एकाची सायकल टपावर चढली, तर आई-बाबांपैकी एकाने बाळाबरोबर बसने जावं. दुसऱ्याने ऊन उतरल्यावर आपल्या सायकलवर निघून, अंधार पडायच्या आत चोळपुरम् ओलांडावं.